विश्लेषण : जगज्जेतेपदानंतर दोन वर्षांत संघाबाहेर… साताऱ्याच्या अदिती स्वामीवर भरवसा ठेवायचा की नाही?

सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. भारताच्या महिला कंपाउंड संघात ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि प्रीथिका प्रदीप या तिघी होत्या. याआधीची जागतिक स्पर्धा जिंकणारी साताऱ्याची अदिती स्वामी त्यात नव्हती. पुरुषांच्या संघात 2023 चा विजेता ओजस देवतळे नव्हता. ओजस नागपूरचा, पण घडला साताऱ्यात. म्हणजे एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेले दोन जगज्जेते, आणि पुढच्याच जागतिक स्पर्धेत दोघेही घरी.

साताऱ्यातल्या क्रीडाप्रेमींसाठी हे पचवणे सोपे नाही. एका बाजूचे म्हणणे, पोरीने 17 व्या वर्षीच शिखर गाठले, आता उतार. दुसरी बाजू म्हणते, वय काय तिचे, थांबा की जरा. दोन्ही बाजू ठाम आहेत. यात खरे किती, अंदाज किती?

बर्लिनमध्ये नेमके काय घडले होते?

5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये झालेल्या अंतिम फेरीत अदितीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरा हिला 149-147 असे हरवले. जागतिक तिरंदाजी स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. त्याच दिवशी ओजसने पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीविरुद्ध 150 पैकी 150 गुण घेतले आणि 150-149 असा विजय मिळवला. आदल्या दिवशी ज्योती, परनीत आणि अदिती यांनी सांघिक सुवर्ण आणले होते, तेही भारताचे या स्पर्धेतले पहिलेच सुवर्ण.

अदितीचा तो उन्हाळाच वेगळा होता. जूनमध्ये कोलंबियातील मेडेयिन येथे तिने पात्रता फेरीत 720 पैकी 711 गुण घेत 18 वर्षांखालील विश्वविक्रम केला. जुलैमध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे ती युवा जगज्जेती झाली. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य. त्यानंतर अर्जुन पुरस्कार.

यामागची गोष्ट सातारकरांना पाठ आहे. वडील शिक्षक, आई ग्रामसेविका. मुलीला खेळता यावे म्हणून कुटुंब शेरेवाडीहून शहरात आले आणि पुढे साहित्यासाठी कर्जही काढले. प्रशिक्षक प्रवीण सावंत हे पोलीस दलातले, आणि त्यांची अकादमी उसाच्या फडाशेजारी. ही गोष्ट इतकी चांगली आहे की तिच्यापुढे गुणांचे आकडे कोणी बघतच नाही. खरी चर्चा मात्र त्या आकड्यांतूनच सुरू व्हायला हवी.

कंपाउंड प्रकारात दोन गुणांचा फरक म्हणजे किती?

ऑलिम्पिकमध्ये आजवर आपण पाहतो ते रिकर्व्ह धनुष्य. त्यात लक्ष्य 70 मीटरवर असते. कंपाउंड धनुष्याला टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ताणली की हातावरचा भार एकदम कमी होतो. डोळ्यासमोर भिंग असते, आणि दोरी बोटांनी न सोडता छोट्या यंत्राने सोडली जाते. लक्ष्य 50 मीटरवर, आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या 8 सेंटीमीटर व्यासाचे. चहाच्या बशीपेक्षाही लहान.

एवढी साधने असल्याने अव्वल खेळाडूंचे जवळपास सगळे बाण दहा किंवा नऊवर पडतात. सामना 15 बाणांचा. म्हणजे 149 म्हणजे एक नऊ, 147 म्हणजे तीन नऊ. बर्लिनची अंतिम फेरी दोन बाणांवर ठरली.

आता एक ढोबळ गणित. समजा, एका खेळाडूचे शंभरातले 90 बाण दहावर पडतात आणि दुसरीचे 85. उरलेले सगळे नऊवर. पहिली खेळाडू स्पष्टपणे सरस आहे. तरीही 15 बाणांच्या सामन्यात, बरोबरी झाल्यास एका बाणाचा निर्णायक डाव धरून, दुसरी खेळाडू साधारण तीनपैकी एक सामना जिंकेल. पात्रता फेरीसारखे 72 बाण मारायला दिले तरी जवळपास पाचपैकी एकदा तीच पुढे असेल. वारा, दडपण, खांद्याचे दुखणे यांतले काहीही या हिशेबात धरलेले नाही.

प्रत्यक्षातही हे दिसले आहे. बर्लिनच्या उपांत्य फेरीत अदितीने ज्योतीला 149-145 असे हरवले. दोनच महिन्यांनी हांगझोऊच्या उपांत्य फेरीत ज्योतीने अदितीला 149-146 असे हरवले. त्या दोन महिन्यांत अदितीचा खेळ बिघडला होता का? तसे म्हणायला काही आधार नाही. शिवाय हरलेल्या दिवसाचे 146 गुण हे ज्योतीच्या बर्लिनमधल्या पराभवापेक्षा एकाने जास्तच होते. एका सुवर्णावरून 'अजिंक्य' ठरवणे जितके घाईचे, तितकेच एका संघनिवडीवरून 'संपली' म्हणणेही.

मग संघात जागा का नाही?

इथे शंका घेणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे, फक्त तो थोडा वेगळा मांडायला हवा. अदिती 2024 मध्ये चांगली खेळत होती. ज्योती, परनीत आणि अदिती या तिघींनी त्या वर्षी शांघाय, येचॉन आणि अंताल्या अशा तीन विश्वचषक टप्प्यांत सलग सांघिक सुवर्ण जिंकले. 2025 मध्ये मात्र नवी नावे धडाधड पुढे आली. अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने मे महिन्यात शांघायमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकले. तेलंगणाची चिकिता तानिपर्ती ऑगस्टमध्ये कॅनडातील विनिपेग येथे 21 वर्षांखालील जगज्जेती झाली. यांपैकी एकीलाही ग्वांगजूच्या संघात जागा मिळाली नाही. ज्योती तर अजूनही सगळ्यांच्या पुढे आहे. ऑक्टोबरमध्ये नानजिंगच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत तिने कांस्य घेतले.

जागतिक स्पर्धेला एका देशाच्या तीनच खेळाडू जातात आणि निवड चाचणीत मारलेल्या बाणांवर होते. वर सांगितलेले गणित त्या चाचणीलाही लागू पडते. दहा-बारा खेळाडूंमध्ये फरक इतका बारीक असेल, तर पहिल्या तिघींची नावे दर वर्षी तीच राहतील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. ओजसचेही तसेच. मे 2025 मध्ये शांघायला सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघात तो होता. सप्टेंबरमध्ये ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे गेले, आणि त्यांनी पुरुषांचे सांघिक जगज्जेतेपद आणले. अशा संघात जागा न मिळणे याला घसरण म्हणायचे असेल, तर ती जरा महागाची घसरण आहे.

सांगलीचा अनुभव काय सांगतो?

साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर सांगलीत हीच चर्चा आठ वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. विषय होता माधवनगरच्या स्मृती मानधनाचा.

स्मृतीने 2013 मध्ये 19 वर्षांखालील स्पर्धेत गुजरातविरुद्ध नाबाद 224 धावा केल्या, तेव्हापासून तिच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. 2017 च्या विश्वचषकाआधी गुडघ्याची मोठी दुखापत झाली. त्यातून सावरून ती इंग्लंडला गेली आणि पहिल्याच सामन्यात यजमानांविरुद्ध 90, पाठोपाठ वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद 106. दोन डावांत 196. पुढच्या सात डावांत मिळून फक्त 36. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात शून्य, आणि भारत तो सामना 9 धावांनी हरला. पाच दिवसांपूर्वीच तिला 21 वे वर्ष पूर्ण झाले होते.

त्या वेळी 'दोन सामन्यांची पाहुणी' असे म्हणणाऱ्यांच्या हातात आकडेच होते. सात डाव म्हणजे काही थोडे नाहीत. पण 2018 मध्ये ती आयसीसीची वर्षातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली, 2021 मध्ये पुन्हा. 2025 मध्ये एका वर्षात एक हजार एकदिवसीय धावा करणारी ती जगातली पहिली महिला झाली. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात स्मृतीच्या 45 धावा होत्या आणि संपूर्ण स्पर्धेत 434. 2017 च्या त्या शून्यापासून इथवर यायला आठ वर्षे लागली.

एक फरक मात्र विसरता येत नाही. स्मृतीचे अपयश संघात राहूनच भरून निघाले, तिला पुढचा डाव मिळत गेला. अदितीला पुढचा बाण मारण्याआधी संघाचे दार ओलांडावे लागते. क्रिकेटचा दाखला तिरंदाजीला जसाच्या तसा लावला की तिथे गफलत होते.

जवळचा दाखला हवा असेल तर तो साताऱ्यातच आहे. पार्थ साळुंखे 2023 मध्ये लिमरिकला रिकर्व्ह प्रकारात युवा जगज्जेता झाला. पॅरिस ऑलिम्पिकच्या संघात तो नव्हता. त्या संघात फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव होता, टोकियोनंतर दुसऱ्यांदा. तेव्हा पार्थबद्दलही शंका घेतल्या जात होत्या. मे 2025 मध्ये त्याने शांघाय विश्वचषकात वैयक्तिक कांस्य जिंकले.

उलटे दाखले नाहीत का?

आहेत, आणि ते लपवून उपयोग नाही. झारखंडची कोमालिका बारी 2019 मध्ये कॅडेट आणि 2021 मध्ये ज्युनिअर अशी दोनदा जगज्जेती झाली. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ती खेळू शकली नाही. लहान वयातले विजेतेपद हा परवाना नसतो.

ही चर्चा फक्त आपल्याकडची आहे असेही नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. तिथले चाहते दर आठवड्याला एखाद्या पोरसवदा क्वार्टरबॅकचे भवितव्य ठरवून मोकळे होतात. 1998 मध्ये पेटन मॅनिंगने पहिल्याच हंगामात 28 वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला आणि त्याचा संघ 16 पैकी 13 सामने हरला. पुढे तोच पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आपल्या भागात ही सवय कुस्तीच्या मैदानातून आलेली आहे. जत्रेतली एक कुस्ती बघून 'हा पोरगा पुढे जाणार' किंवा 'दम नाही' असा निकाल लागतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले होते. 1952 च्या हेलसिंकीतले कांस्य चार वर्षांनंतरचे.

आता पुढे काय पणाला लागले आहे?

कंपाउंड प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हता. त्यामुळे या खेळाडूंसाठी जागतिक स्पर्धा आणि आशियाई स्पर्धा हीच शेवटची पायरी होती. एप्रिल 2025 मध्ये ते बदलले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा असेल, असा निर्णय झाला. पण फक्त मिश्र सांघिक. वैयक्तिक नाही, महिला संघ नाही, पुरुष संघ नाही. भारत पात्र ठरला तर संपूर्ण देशातून एक मुलगी आणि एक मुलगा.

म्हणजे ज्या यादीत तिसऱ्या क्रमांकासाठी एवढी चढाओढ आहे, तिथे 2028 मध्ये एकच नाव राहील. तेव्हा ज्योती 32 वर्षांची असेल आणि अदिती 22 ची. मधुरा, चिकिता, परनीत आणि प्रीथिका या चौघीही त्याच एका जागेसाठी असतील. त्याआधी सप्टेंबर 2026 मध्ये जपानमधील आइची-नागोया येथे आशियाई स्पर्धा आहे.

अदितीवर भरवसा ठेवणाऱ्या चाहत्याने एवढे लक्षात घ्यावे की पणाला लागलेली गोष्ट तिची गुणवत्ता नाही. 711 गुण आणि 149 गुण कागदावर आहेत, ते कोणी पुसू शकत नाही. प्रश्न सातत्याचा आहे, तोही देशातल्याच पाच-सहा जणींपेक्षा एखाद-दोन बाण जास्त दहावर मारण्याचा. शंका घेणाऱ्यांनी तिच्या पुढच्या निवड चाचणीचे गुण बघावेत, संघाची यादी नव्हे. 72 बाणांत ती 705 च्या पुढे राहात असेल, तर ती अजून स्पर्धेत आहे असे समजायला हरकत नाही, मग नाव पहिल्या तिघींत असो वा पाचवे.