सर, आता दुखत नाही. खेळू का?

सप्टेंबर महिना. शालेय कबड्डीचे तालुक्याचे सामने आटोपले आहेत आणि जिल्ह्याचे सामने आठवड्यावर आले आहेत. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील कोणत्याही शाळेचे मैदान डोळ्यांसमोर आणा. दहावीतील एक मुलगी शिक्षकांपुढे उभी आहे. गेल्या हंगामात ती संघाची सर्वांत भरवशाची चढाईपटू होती. एका चढाईत गुडघा फिरला, ‘टक्’ असा आवाज झाला आणि तासाभरात सूज आली. मे महिन्यात शस्त्रक्रिया होऊन गुडघ्यातील तुटलेले लिगामेंट नव्याने बसवले गेले. आज ती लंगडत नाही, जिना चढते, सायकलने शाळेत येते. ती विचारते, “सर, आता अजिबात दुखत नाही. खेळू का?” वडीलही बरोबर आहेत. “पोर म्हनस, आते काही दुखत नही,” असे तेही सांगतात. दहावीला मिळणाऱ्या क्रीडागुणांचा विचार दोघांच्याही मनात आहे. खोटे कशाला बोला, सरांच्याही मनात आहे.

या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे हे खरे. पण शहरातला डॉक्टर दूर असतो आणि साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या खेड्यात सामन्याच्या दिवशी निर्णय शिक्षकालाच घ्यावा लागतो. म्हणून गुडघ्याच्या आत त्या वेळी नेमके काय चाललेले असते, हे शिक्षकाला ठाऊक असलेले बरे.

खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. गुडघ्याला अशी वाटी नाही. मांडीच्या हाडाची दोन गोलाकार टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. (समोर हाताला लागते ती ‘गुडघ्याची वाटी’ वेगळी. ती सांध्यावरचे झाकण आहे.) हाडांच्या आकारातून स्थैर्य मिळत नाही, म्हणून ते चिवट पट्ट्यांतून मिळवावे लागते. या पट्ट्या म्हणजेच अस्थिबंध किंवा लिगामेंट. सांध्याच्या मध्यभागी दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. जर्मनीतील वेबर बंधूंनी १८३६ साली चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला, तेव्हाच या फुलीचे काम त्यांनी ओळखले होते. फुलीतील पुढचा बंध म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतील ‘एसीएल’. तो साधारण ३ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम १ सेंटिमीटर रुंद असतो. नडगी पुढे घसरू न देणे आणि गुडघ्याला नको तेवढा पीळ पडू न देणे, ही त्याची कामे. तरुण माणसाचा हा बंध प्रयोगशाळेत ताणून पाहिला, तेव्हा तो सरासरी २१६० न्यूटन बलाला तुटला. म्हणजे सव्वादोन क्विंटलच्या आसपास कापूस या करंगळीएवढ्या दोरीला टांगता येईल!

मग तो तुटतो कसा? चढाईपटू वेगाने आत शिरते, एक पाय रोवते आणि अंग वळवून मागे फिरते. अशा वेळी गुडघा जवळजवळ सरळ असेल, आतल्या बाजूला झुकला आणि वरून पीळ बसला, तर सारा भार या एका बंधावर येतो. खेळाडूंच्या चित्रफितींचे बारकाईने विश्लेषण केल्यावर असे दिसले की पाय टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, बंध तुटून जातो. डोळ्यांनी काही पाहून स्नायूंनी हालचाल करायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून ‘तिने सांभाळायला हवे होते’ या म्हणण्याला अर्थ नाही. सांभाळायचे ते पाय टेकण्याच्या आधीच, सरावाने अंगात मुरलेले असावे लागते.

याच दुखापतीचा सर्वांत जास्त अभ्यास ज्या खेळांत झाला, त्यांतला एक आपल्याकडे कोणी खेळत नाही: बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा, म्हणजे स्कीइंगचा. त्यात पायाला लांबलचक पट्टी जोडलेली असते आणि घोटा ताठ बुटात जखडलेला असतो. पूर्वी पडल्यावर नडगीचे हाड मोडत असे. मग जोर बसताच पट्टीपासून सुटणारे बूट आले आणि नडगीची मोडतोड पुष्कळ कमी झाली. पण गुडघ्यातील हा बंध तुटण्याचे प्रमाण १९७०च्या दशकानंतर वाढले. लांब पट्टी तरफेसारखी फिरते, जखडलेला घोटा दाद देत नाही आणि पीळ थेट गुडघ्यात जातो. आता खानदेशातल्या मैदानाकडे या. कबड्डीत घोट्याची पकड बसते, पाय जागेवर राहतो आणि बाकीचे शरीर मध्यरेषेकडे झेप घेते. प्रतिस्पर्ध्याचा हात इथे ताठ बुटाचे काम करतो. मातीच्या मैदानावर पाय थोडा घसरतो तरी. मॅटवर पकड देणारे बूट घालून खेळताना तेवढीही सूट मिळत नाही.

तुटलेली टोके शिवून हा बंध सहसा जुळत नाही. इतर जखमांत रक्ताची गुठळी बसते आणि तिच्या आधाराने दुरुस्ती सुरू होते. सांध्यातील द्रवात ही गुठळी टिकत नाही. म्हणून ब्रिटिश शल्यविशारद हे ग्रोव्हज यांनी १९१७ साली दुसरीकडची पट्टी आणून नवा बंध बसवण्याची पद्धत मांडली. आज बहुधा मांडीच्या मागच्या बाजूच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, काढून त्यांची घडी घालतात. दोन्ही हाडांत बोगदे पाडून ती घडी त्यांतून ओवतात आणि पक्की करतात. मुलांमध्ये हाडांच्या टोकांशी वाढीचा थर अजून जिवंत असतो, त्यामुळे बोगदे पाडताना शल्यविशारदाला जास्त जपावे लागते. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना आधी फक्त व्यायाम दिले, त्यांतील बऱ्याच जणांना दोन वर्षांत शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. पण वळणे, थांबणे आणि झेपावणे हाच ज्यांचा खेळ आहे त्यांना बहुधा ती सुचवली जाते.

आता मुख्य गोष्ट. बसवलेली कंडरा शस्त्रक्रियेच्या दिवशी मूळ बंधापेक्षाही मजबूत असू शकते. कच्ची असते ती हाडातील जोडणी. पण कंडरा मूळ जागेवरून काढली, की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिच्यातील पेशी मरतात. मग आजूबाजूने नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात, जुने तंतू मोडून नवे विणतात. बाजेवर माणूस बसलेला असतानाच तिची सुतळी एकेक पदर बदलत जावी, तसे हे काम चालते. या काळात बाज सर्वांत ढिली असते. प्राण्यांवरील प्रयोगांत नवा बंध सुमारे ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान सर्वांत दुबळा आढळला. माणसात हे विणकाम आणखी सावकाश चालते आणि पुरे व्हायला वर्ष ते दोन वर्षे लागतात.

गंमत अशी, की याच काळात रुग्णाला बरे वाटू लागते. टाके भरलेले असतात, सूज उतरलेली असते. सरळ चालताना आणि सायकल चालवताना या बंधावर फारसा ताण येतच नाही, म्हणून गुडघा तक्रार करत नाही. दुखणे थांबले याचा अर्थ जखम भरली. दोरी विणून झाली की नाही, याची त्यातून काहीच बातमी मिळत नाही.

म्हणजे वर्षभर पडूनच राहायचे का? तसेही नाही. १९८०च्या दशकापर्यंत शस्त्रक्रियेनंतर गुडघा बरेच आठवडे जखडून ठेवत. अमेरिकेतील शेलबर्न या शल्यविशारदाच्या लक्षात आले, की सूचना न पाळता गुडघा वाकवणारे आणि लवकर पाय टेकणारे रुग्णच आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले चालतात! १९९० साली त्यांनी पहिल्या दिवसांपासून हालचालीची पद्धत प्रसिद्ध केली आणि जगभर उपचार बदलले. ही हकिकत मला फार आवडते, कारण ‘न ऐकणाऱ्या’ मुलांकडून शिकण्याची सवय शिक्षकांनाही असते. मात्र तिचा अर्थ मर्यादित आहे. गुडघा लवकर वाकवणे आणि सरळ करणे, स्नायूंना कामाला लावणे, हे लवकर हवे. वळणे, झेपावणे आणि पकड झेलणे लवकर नको. शेलबर्न यांनी खेळाडूंना मैदानावरही बरेच लवकर सोडले होते. पुढच्या अभ्यासांनी त्या बाबतीत सावध केले आहे.

त्यातील एक अभ्यास नॉर्वेतील ऑस्लो आणि अमेरिकेतील डेलावेअर येथील १०६ खेळाडूंचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. पाय रोवून वळण्याच्या खेळांत ९ महिन्यांच्या आत परतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांच्या गुडघ्याला पुन्हा इजा झाली. त्यानंतर परतलेल्यांत हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास होते. नवव्या महिन्यापर्यंत एकेक महिना थांबले की धोका जवळजवळ निम्मा होत गेला. वेळेबरोबर चाचण्यांचेही महत्त्व दिसले. ताकद आणि उडीच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण न होताच परतलेल्यांत पुन्हा इजेचे प्रमाण ३८ टक्के होते, तर उत्तीर्ण होऊन परतलेल्यांत ५.६ टक्के. अभ्यास लहान आहे, आकडे शब्दशः धरू नयेत, पण दिशा स्पष्ट आहे. शाळेच्या वयात तर धोका जास्तच. अनेक अभ्यास एकत्र पाहिले असता २५ वर्षांखालील जे खेळाडू मैदानात परतले, त्यांच्यापैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाचा हा बंध पुन्हा तुटला होता. कधी शस्त्रक्रिया झालेल्या पायाचा, तर कधी चक्क दुसऱ्या, धडधाकट पायाचा!

इथे एखादी विद्यार्थिनी हमखास सांगलीच्या स्मृती मानधनाचे नाव घेईल. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना तिचा हाच बंध दुखावला आणि पाचच महिन्यांनी, जूनमध्ये, विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध तिने ९० धावा केल्या. उदाहरण खरे आहे. पण फलंदाजाला कोणी घोटा धरून ओढत नाही. राष्ट्रीय संघातील खेळाडूच्या गुडघ्यावर रोज तज्ज्ञांची नजर असते. शिवाय ४० टक्के धोका याचा अर्थ ६० टक्के सुखरूप सुटतात असाही आहे. कोण सुटणार, ते मात्र आधी कळत नाही. दुसरे उदाहरण ऋषभ पंतचे. ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर त्याच्या गुडघ्याच्या अस्थिबंधांची शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि तो सामन्यात उतरला तो मार्च २०२४ मध्ये. त्याची दुखापत मोठी होती, पण वर्षाहून जास्त थांबल्याने त्याचा खेळ संपला नाही, हेही मुलांना सांगावे.

आपल्या विद्यार्थिनीचा हिशेब करू. मे महिन्यापासून ९ महिने मोजले तर फेब्रुवारी येतो, आणि तेव्हा दहावीची परीक्षा तोंडावर असते. म्हणजे यंदाचा हंगाम गेला. हे तिला आणि वडिलांना सप्टेंबरमध्ये ऐनवेळी नव्हे, जूनमध्येच स्पष्ट सांगितलेले बरे. क्रीडागुण बुडतात हे खरे आणि त्याचे वाईट वाटते. पण दुसऱ्यांदा बंध तुटला, तर बहुधा सोबत गुडघ्यातील गादीही फाटते आणि तिशी-चाळिशीतच सांधा झिजू लागण्याची भीती असते. शेतात उकिडवे बसून काम करावे लागणाऱ्या घरात हे फार महाग पडते.

शिक्षकाला करता येण्याजोगे एक काम आहे आणि त्याला खडू व टेप एवढेच लागते. जूनमध्ये संघातील सर्व निरोगी मुलामुलींची एका पायावरची लांब उडी मोजावी: उजव्या पायाने उडी, उजव्याच पायावर स्थिर उतरणे, मग डावा. तीन प्रयत्नांतील सर्वांत चांगला आकडा वहीत लिहावा. समजा उजवी १५० सेंटिमीटर आणि डावी १४४ सेंटिमीटर आली, तर १४४ भागिले १५० म्हणजे ९६ टक्के. शस्त्रक्रियेनंतर परतण्यासाठी साधारणपणे ९० टक्क्यांची अट घालतात. पण यात एक फसगत आहे. महिनोन्महिने खेळ बंद राहिल्याने चांगला पायही दुबळा होतो आणि दोन दुबळ्या पायांचे गुणोत्तर सुरेख येते! म्हणून तुलना शक्यतो दुखापतीपूर्वीच्या आकड्याशी हवी, आणि तो शाळेच्या वहीशिवाय कुठेच नसतो. डॉक्टरांकडे जाताना त्या पानाची नक्कल मुलीबरोबर द्यावी. शस्त्रक्रिया झालेल्या मुलीची उडी मात्र फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्याशिवाय कधीही घेऊ नये.

उडी मोजताना आकड्याइतकेच उतरण्याकडे पाहावे. गुडघा पावलाच्या रेषेत राहतो की आत कोसळतो? मुलींमध्ये तो आत झुकण्याची प्रवृत्ती जास्त दिसते आणि त्याच खेळात त्यांचा हा बंध तुटण्याचे प्रमाणही मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त असते. गुडघे वाकवून हलके उतरणे, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, वेगात थांबून वळणे, असा १५–२० मिनिटांचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा घेतला, तर या दुखापती सुमारे निम्म्याने कमी होतात, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. कबड्डी, खो-खो, दोन्ही संघांना तो एकत्र देता येतो. आपली विद्यार्थिनीही, फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या टप्प्यापर्यंत, त्या रांगेत उभी राहू शकते.