कबड्डीचा पंच कुठे उभा असतो आणि का?

रायगड जिल्ह्यात कबड्डी मुरलेली आहे. तळ्याच्या आसपासची गावं असोत की रोहा-अलिबागकडची, रात्रीच्या दिव्यांत मातीच्या मैदानावरचा सामना बघायला माणसं दाटीवाटीने उभी राहतात. खेळातले बारकावे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतात. पंचांच्या कामाबद्दल मात्र काही गैरसमज घट्ट बसले आहेत, आणि त्यातूनच सामने थांबतात, वाद पेटतात.

गैरसमज : सरपंच सगळ्यांत मोठा, म्हणून प्रत्येक निर्णय त्याचा.
वस्तुस्थिती : सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असे सहा अधिकारी असतात. खेळातले निर्णय पंच देतात आणि सर्वसाधारणपणे तेच अंतिम असतात. दोन पंचांचं एकमत झालं नाही किंवा तशीच विशेष परिस्थिती उद्भवली, तर सरपंच निर्णय देतो. नाणेफेक आणि सामन्यावरची एकंदर देखरेखही त्याच्याकडे असते. प्रत्येक चढाईनंतर त्याच्याकडे धावण्यात अर्थ नाही.

गैरसमज : पंच कडेला असतो. समोर बसलेल्या आम्हाला जास्त स्पष्ट दिसतं.
वस्तुस्थिती : दोन्ही पंच बाजूरेषांबाहेर समोरासमोर उभे असतात आणि चढाई आत शिरली की कडेने तिच्याबरोबर सरकतात. बोनसचंच पाहा. बचाव करणारे किमान सहा खेळाडू मैदानात असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत हवा. टाच रेषेवर आहे की पलीकडे, मागचा अंगठा जमिनीवरून सुटला की नाही, हे रेषेच्या सरळ ओळीत, कडेला उभं राहूनच कळतं. अंतिम रेषेमागे बसलेल्याला पाय दिसतो, अंतर दिसत नाही. इतर खेळांतही हेच सूत्र आहे. बेसबॉलचा मुख्य पंच कॅचरच्या पाठीमागे उभा राहतो, कारण चेंडू फलंदाजासमोरच्या ठरलेल्या पट्ट्यातून गेला का, हे तिथूनच नीट दिसतं. क्रिकेटमध्ये स्क्वेअर लेगचा पंच क्रीजच्या ओळीत उभा राहतो, तोही यष्टिचीत आणि धावबादसाठीच.

गैरसमज : झटापटीत हात रेषेबाहेर टेकला की खेळाडू बाद.
वस्तुस्थिती : एरवी अंगाचा कुठलाही भाग बाहेरच्या जमिनीला लागला तर खेळाडू बाद होतो. झटापट चालू असताना मात्र शरीराचा एखादा भाग आतल्या जमिनीला टेकलेला असेल, तर तो बाद नसतो. म्हणून पंच वाकून, कधी गुडघ्यावर बसून, ढिगाच्या तळाशी पाहतो. त्याची नजर बाहेर पडलेल्या हातावर नसते, आत राहिलेल्या पायावर असते.

गैरसमज : दम सुटला की नाही, हे प्रतिस्पर्ध्यांनी ओरडून सांगायचं.
वस्तुस्थिती : ‘कबड्डी’चा उच्चार ऐकणं हे पंचांचंच काम आहे. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणाला स्पर्श होण्याआधी उच्चार सुरू झाला पाहिजे. उशीर झाला तर पंच चढाईपटूला परत पाठवतो. समोरच्या संघाला तांत्रिक गुण आणि चढाईची संधी मिळते. बाहेरच्या आरडाओरड्यात नेमका हा उच्चारच बुडतो.

गैरसमज : सहायक गुणलेखक नावापुरते असतात.
वस्तुस्थिती : खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले, त्याच क्रमाने जिवंत होतात. तो क्रम ते टिपतात आणि बाद खेळाडूंना त्यांच्या जागी बसवतात. अंतिम रेषा कोणी ओलांडली तर तेही पंचांच्या लक्षात आणून देतात. त्यांची नोंद चुकली तर चुकीचा खेळाडू मैदानात येतो.

थोडक्यात, ज्या जागेवरून जे दिसतं, ते काम त्या अधिकाऱ्याला दिलेलं आहे. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी एक गोष्ट आवर्जून करावी : बाजूरेषांलगतची पट्टी पूर्ण मोकळी ठेवावी. रेषेला खेटून प्रेक्षक बसले की पंचाला सरकायला जागाच उरत नाही, आणि मग त्याच्या चुकीत आपलाही वाटा असतो.