सलूनची वाढ आणि मालकाची मूल्ये

रायपूरमधील शंकर नगर असो वा मुंबईतील दादर, सलून वाढवणे म्हणजे खुर्च्या, कारागीर आणि शाखा वाढवणे, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र कोणते काम स्वीकारावे आणि कोणते नाकारावे, हा या व्यवसायातील जुना प्रश्न आहे.

१८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. या कामाच्या मिळकतीवर त्यांनी स्वेच्छेने पाणी सोडले.

मात्र नकार कामाला देता येतो, जातीवरून माणसाला नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ नुसार 'दुकान' या संज्ञेत केशकर्तनालयाचाही समावेश असून, अस्पृश्यतेच्या कारणावरून ग्राहकाला प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे.

एका खुर्चीच्या दुकानात मालकाची मूल्ये त्याच्या स्वतःच्या कामातून दिसतात. दुसरी शाखा सुरू होताच ती कर्मचाऱ्यांच्या हाती जातात. म्हणून त्यांचे नियम करावे लागतात. दरफलक सर्वांसाठी एकच असावा. प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते वापरावे, कारण रक्त लागलेल्या पात्यातून हिपॅटायटिस बी व सी यांचा संसर्ग होऊ शकतो. केस रंगवण्यापूर्वी त्वचेवर चाचणी घेऊन ४८ तास थांबावे.

लग्नाच्या आदल्या दिवशी आलेल्या ग्राहकाला चाचणीसाठी थांबवणे म्हणजे त्या दिवसाचे उत्पन्न गमावणे होय. मालकाच्या गैरहजेरीतही कर्मचारी तसे सांगू शकला आणि त्याबद्दल त्याला बोल लागला नाही, तरच मालकाची मूल्ये नव्या शाखेत पोहोचली असे म्हणता येईल.