वणवा रोखायचा? तयारी आधीच करा

शिवरे : भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर उन्हाळ्यात गवत वाळले की वणव्यांचा हंगाम सुरू होतो.

वणवा लागतो कसा? बहुतेकदा माणसाच्या हातून. भातरोपांसाठी राब भाजताना उडालेली ठिणगी किंवा विडीचे थोटूकही पुरते. ‘जाळले की गवत जोमाने येते’ हा समज महागात पडतो. हिरवे कोंब फुटतात, पण बिया आणि रोपे जळतात. उघडी माती पावसात वाहून जाते.

काय कराल? घर, गोठा आणि वैरणीच्या गंजीभोवतीचे वाळके गवत काढा. राब वारा पडलेला असताना, पाणी आणि माणसे जवळ ठेवून भाजा. निखारे विझवूनच निघा. आग चढावर वेगाने धावते, त्यामुळे तिच्या वरच्या बाजूला थांबू नका.

वणवा दिसताच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे.