चष्मा घरी राहिलेला ग्राहक

बँकेच्या खिडकीपाशी कोणीतरी पैसे काढायची स्लिप शेजारच्यापुढे धरतो आणि म्हणतो, "एवढी भरून द्या हो, चष्मा घरी राहिला." कधी चष्मा खरेच घरी राहिलेला असतो आणि कधी तो मुळात नसतोच. वाचता येत नाही हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा चष्म्याची सबब सांगणे सोपे जाते. मधु विश्वनाथन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जेमतेम साक्षर ग्राहकांचा अभ्यास करून 2005 मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये जो निबंध लिहिला, त्यात अशाच युक्त्या नोंदल्या आहेत. हे ग्राहक ओळखीच्या एकाच दुकानात जातात, खिशात मोजकेच पैसे नेतात, एकेक वस्तू वेगवेगळी विकत घेतात आणि उणीव झाकायला दुसरेच कारण पुढे करतात. मार्केटिंग म्हणजे माल गळ्यात मारणे आणि मार्केटिंगचे संशोधन म्हणजे त्यासाठीची टेहळणी, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. पण ग्राहक जिथे अडतो ती जागा बहुधा सेवेच्या घडणीत असते, आणि ती जागा शोधायला या संशोधनाइतके कामाचे दुसरे साधन नाही. त्यासाठी आधी काही गैरसमज दूर सारायला हवेत.

गैरसमज 1 : अडलेला ग्राहक म्हणजे गरीब, अडाणी, आणि असे लोक थोडेच

ब्रिटनमधल्या वित्तसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने ऑक्टोबर 2020 मध्ये केलेल्या पाहणीत 2 कोटी 77 लाख प्रौढांमध्ये अशा अडचणीचे किमान एक लक्षण आढळले. म्हणजे देशातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांमध्ये. ही संस्था चार कारणे धरते: आजारपण, आयुष्यातला एखादा धक्का, आर्थिक तग धरण्याची कमी ताकद आणि व्यवहाराचे अपुरे ज्ञान. पती वारल्यावर खात्याचे कागद जुळवणारी प्राध्यापिका यात येते, तसाच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर नीट न दिसणारा व्यापारीही येतो. अडलेपण हा माणसाला कायमचा लागलेला शिक्का नसतो. माणूस आणि सेवा यांची गाठ जिथे पडते तिथे ते तयार होते. याचे उदाहरण आपल्या पाकिटात आहे. जुन्या मालिकेतली शंभराची नोट 157 मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची 167. हा दहा मिलिमीटरचा फरक बोटांना कळायचा. नव्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटा अनुक्रमे 142, 146 आणि 150 मिलिमीटर आहेत. लगतच्या दोन नोटांमध्ये फरक उरला अवघा चार मिलिमीटरचा. अंध व्यक्तींसाठी उठावदार खुणा आहेत, पण नोट हातोहात फिरली की त्या झिजतात. 'नॅब' या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला, आणि जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेचे नोट ओळखून सांगणारे 'मनी' हे ॲप आले. नोटा मोजणाऱ्याची दृष्टी होती तशीच होती. बदलली ती नोट, आणि काल सहज होणारा व्यवहार आज अडला.

गैरसमज 2 : त्यांना कळत नाही, म्हणून आधी त्यांना शिकवले पाहिजे

विश्वनाथन यांच्या अभ्यासातले ग्राहक रोज खरेदी करत होते, पैसे पुरवून वापरत होते. त्यांची विचार करण्याची रीत मात्र वेगळी होती. किंमत, वजन आणि दर्जा यांचा एकत्र हिशेब मांडण्याऐवजी ते एकाच ठोस गोष्टीवर निर्णय घेत, उदाहरणार्थ सर्वांत स्वस्त कोणते. ब्रँडचे नाव ते वाचत नसत, चित्रासारखे ओळखत. पदार्थाला साखर किती लागेल हे मापांच्या बेरजेने न काढता, तेवढी साखर डोळ्यांसमोर आणून ठरवत. हे एकदा समजले की सेवेतल्या साध्या बदलांचे मोल कळते. औषधाच्या खोक्याचा रंग बदलला किंवा फॉर्मवरचा रकमेचा रकाना उजवीकडून डावीकडे गेला, तर वाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. चित्रावरून ओळखणाऱ्याची ओळखच पुसली जाते. मग शिकवणे निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. विश्वनाथन यांनीच तमिळनाडूत ग्राहकांना बाजारव्यवहार शिकवणारे वर्ग उभे केले. पण त्या वर्गांत काय शिकवायचे हे आधीच्या अभ्यासातून ठरले, आणि शिकणाऱ्याला शिकायला लागणारी वर्षे सेवेने हात बांधून बसून काढावीत असे त्यातून निघत नाही.

गैरसमज 3 : लोक येत नाहीत म्हणजे त्यांना गरज नाही, आणि फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या 134 गावांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी लसीकरणाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गावांत एक ते तीन वर्षे वयाच्या फक्त 6 टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले होते. जिथे ठरल्या दिवशी गावातच भरवशाचे शिबिर लागले, तिथे हे प्रमाण 18 टक्के झाले. जिथे शिबिराबरोबर प्रत्येक लसीला किलोभर डाळ आणि लसी पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच मिळाला, तिथे ते 39 टक्क्यांवर गेले. लसीला आईबापांचा कट्टर विरोध असता, तर किलोभर डाळीने तो मोडला नसता. आजची मजुरी बुडते आणि लसीचा लाभ पुढे कधीतरी दिसतो, म्हणून काम उद्यावर जात होते. ही सरळ लाच झाली, पैशांची उधळण झाली, असे कोणी म्हणेल. हिशेब उलटा निघाला: नुसत्या शिबिरात पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे 2202 रुपये खर्च आला, डाळीसह 1102. परिचारिकेचा पगार तेवढाच राहतो, मुले वाढली की तो जास्त जणांत विभागला जातो. 'फुकटाची किंमत नसते' हा समजही केनियात तपासला गेला. जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपा यांनी गरोदर स्त्रियांसाठी औषध लावलेल्या मच्छरदाण्यांची किंमत शून्यावरून 60 सेंट केली, तेव्हा घेणाऱ्यांचे प्रमाण 60 टक्के-बिंदूंनी घसरले. आणि पैसे मोजून नेणाऱ्या स्त्रिया मच्छरदाणी जास्त वापरतात, असेही आढळले नाही.

गैरसमज 4 : पाहणीचा फॉर्म भरून घेतला की संशोधन झाले

चष्म्याची सबब सांगणाऱ्याला 'आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का' असे छापील कागदावर विचारले, तर तो दाखवलेल्या चौकटीत खूण करून मोकळा होतो, आणि बँकेच्या नोंदीत एक समाधानी ग्राहक वाढतो. लपवलेली अडचण सरळ प्रश्नाला सापडत नाही. संशोधकाने ग्राहकाबरोबर दुकानात फिरावे लागते, तोंडी आणि त्याच्या बोलीत बोलावे लागते, प्रश्नही विचारपूर्वक मांडावे लागतात. फिलिपिन्समध्ये नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी एका बँकेच्या ग्राहकांना आडून प्रश्न विचारले: आज थोडे पैसे घ्याल की महिन्याने जास्त? आणि हाच पर्याय सहा महिन्यांनंतरचा असेल तर? पुढच्या काळासाठी धीर दाखवणाऱ्या पण आजच्यासाठी अधीर असलेल्या स्त्रियांनी पुढे एक विशेष खाते जास्त प्रमाणात उघडले. आपणच ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत त्यातून पैसे काढता येत नव्हते आणि व्याजही जादा नव्हते. देऊ केलेल्यांपैकी 28 टक्क्यांनी ते घेतले. ज्यांना ते देऊ केले त्या गटाची शिल्लक वर्षभरात, देऊ न केलेल्या गटाच्या तुलनेत, 81 टक्के-बिंदूंनी जास्त वाढली. बहुतेकांनी ते नाकारले, हेही तितकेच महत्त्वाचे. स्वतःच्या हाताला आपणहून कुलूप लावू पाहणाऱ्यांना ते मिळाले, बाकीच्यांवर ते लादले गेले नाही.

गैरसमज 5 : या माहितीचा उपयोग शेवटी नाडण्यासाठीच होणार

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेत एका कर्ज देणाऱ्या संस्थेच्या पन्नास हजारांहून अधिक जाहिरातपत्रांवर प्रयोग झाला. पत्रात कर्जाची उदाहरणे कमी दाखवणे किंवा आकर्षक स्त्रीचा फोटो छापणे अशा बदलांनी कर्जाची मागणी जेवढी वाढली, तेवढी वाढायला व्याजदर सुमारे पाव हिश्श्याने उतरवावा लागला असता. अडलेल्या माणसाचे मन वाचता आले की त्याला गुंतवताही येते. पण याच अभ्यासांमुळे नियम करणाऱ्यांनाही या खेळी कळतात. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ॲप आणि संकेतस्थळांवरच्या तेरा फसव्या रचनांना मनाई केली. खोटी घाई दाखवणे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, वर्गणी बंद करायची वाट अवघड करणे या त्यातल्या काही. संशोधन थांबवले तर नाडणाऱ्याचे शिकणे थांबत नाही, फक्त ग्राहकाच्या बाजूचे डोळे मिटतात. म्हणून प्रत्येक अभ्यासाला एकच कसोटी लावावी: यशाचा आकडा कोणाचा मोजला? उदयपुरात मुलांचे लसीकरण मोजले, फिलिपिन्समध्ये ग्राहकांची शिल्लक. जाहिरातपत्रांच्या प्रयोगात कर्जाची मागणी मोजली. मागणी वाढल्याने कर्जदाराचे भले झाले की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

हीच कसोटी त्या खिडकीला लावता येते. दिवसाकाठी किती जणांनी स्लिप दुसऱ्याकडून भरून घेतली, हा आकडा समाधानाच्या फॉर्मवर उमटत नाही; तो खिडकीपाशी उभे राहून, कोणाला न लाजवता मोजावा लागतो. मग स्लिप बदलावी, रकाने कमी करावेत, रक्कम तोंडी विचारून कर्मचाऱ्याने भरावी, आणि पुन्हा मोजावे. आकडा उतरला, तर ते संशोधन चष्म्याची सबब सांगणाऱ्या त्या माणसाच्या कामी आले.