ठसा डागून उमटत नाही
अमेरिकेतील वायोमिंग राज्यातले शेरिडन हे गाव खोगिरांवरच्या नक्षीकामासाठी नावाजलेले आहे. तिकडच्या चर्मकामात होल्स्टर (पिस्तूल ठेवण्याचे चामडी म्यान) आणि त्याला जुळणारा पट्टाही घडवतात. त्यांवरची टोपलीच्या विणीची नक्षी तापलेल्या ठशाने डागली असावी, असे अनेकांना वाटते. गडद खाचा पाहता ते साहजिक आहे. पण हातठशाला उष्णता लागत नाही.

चामडे आधी पाण्याने दमट करतात. वरचा रंग मूळपदावर येऊ लागला, पण आत ओल आहे, अशा वेळी पोलादी ठसा टेकवून मोगरीने ठोकतात. दबलेले तंतू सुकल्यावर तसेच राहतात, ओल्या सिमेंटवर उमटलेल्या पावलासारखे. सगळे कौशल्य या ओलीच्या अंदाजात आहे, असे मला वाटते.

त्यासाठी वनस्पतिकमावणीचे (झाडांच्या सालीतील टॅनिनने कमावलेले) चामडेच हवे. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचे चामडेही याच जातीचे. क्रोम-कमावणीचे मऊ चामडे ठसा नीट धरत नाही.

ठोकताना पट्टा थोडा ताणला जातो, म्हणून भोके शेवटी पाडतात. होल्स्टर मात्र शिवल्यावर पुन्हा ओले करून पिस्तुलाच्या आकारावर बसवतात. तेव्हा बोटांचा दाब बेताचाच ठेवावा लागतो, नाहीतर नक्षी पुसट होते.