टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया : वेदनेवरचा उपाय आधीपासूनच

टॉन्सिल्स काढणे म्हणजे लहान मुलांची शस्त्रक्रिया, चार दिवस आइस्क्रीम खाल्ले की संपले, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. प्रौढ माणसाच्या बाबतीत ही समजूत फसवी ठरते. प्रौढांना या शस्त्रक्रियेनंतर मुलांपेक्षा जास्त आणि जास्त दिवस दुखते. साधारण दहा ते चौदा दिवस त्रास राहतो.

समजा, विश्रांतवाडीत राहणाऱ्या तिशीतल्या एका गृहस्थांचे टॉन्सिल्स काढले आणि दुसऱ्या दिवशी ते घरी आले. पहिले तीन-चार दिवस कसेबसे निभावले. पाचव्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, कानातही ठणका लागला. आरशात पाहिले तर घशात पांढरट थर! घरच्यांना वाटले, पू झाला. गोळ्यांनी पोट बिघडेल म्हणून त्या बंद केल्या आणि गिळवत नाही म्हणून पाणीही तोडले. येथेच खरी चूक होते.

तो पांढरट थर म्हणजे पू नव्हे. जखमेवरची ती खपली आहे. पाचव्या ते दहाव्या दिवसांत ती सुटू लागते आणि दुखणे पुन्हा उसळते. कान आणि घसा यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जातात, म्हणून कान निरोगी असूनही दुखतो.

आधी औषध का?

जखम झाली की तेथून येणाऱ्या संदेशांच्या माऱ्याने मज्जारज्जूतील पेशी अतिसंवेदनशील होतात आणि मग थोडेसे दुखणेही मोठे जाणवते. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 साली उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवले. वेदना पेटल्यावर विझवण्यापेक्षा ती पेटूच न देणे बरे, हा विचार त्यानंतर बळावला. औषध नेमके किती मिनिटे आधी द्यावे याला फार महत्त्व नाही. रुग्ण भुलीतून जागा होईल तेव्हा त्याचा अंमल सुरू झालेला असावा, हे महत्त्वाचे.

टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेतील वेदनाशमनासाठी 'प्रॉस्पेक्ट' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशी 2021 साली प्रसिद्ध झाल्या. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा ती चालू असताना पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनच्या गटातील सूज उतरवणारे औषध द्यावे, तसेच डेक्सामेथासोनचे एक इंजेक्शन शिरेतून द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. डेक्सामेथासोनमुळे वेदनेबरोबर मळमळ आणि उलटीही कमी होते. गॅबापेंटिनसारख्या औषधाने गुंगी आणि चक्कर येते. म्हणून नेहमीची औषधे चालत नसतील तेव्हाच त्याचा विचार करावा. अफूच्या गटातील तीव्र औषधे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावीत.

भूलतज्ज्ञांना काय सांगावे?

पोटात व्रण, दमा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मद्यपान, यांतले काहीही लपवू नये. मधुमेह असल्यास अवश्य सांगावे, कारण डेक्सामेथासोनने रक्तातील साखर काही काळ वाढते. झोपेत मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे हेही सांगावे. अशा रुग्णाला गुंगीची औषधे धोक्याची ठरतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी राहायचे असते. तरीही भूलतज्ज्ञांनी सांगितले असेल, तर सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. चहा मात्र घेऊ नये.

घरी आल्यावर

आधी दिलेल्या औषधाचा अंमल काही तासच टिकतो. पुढचे काम घड्याळाचे आहे. दुखू लागण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी गोळी घ्यावी. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतल्यास गिळणे सोपे जाते. पण आयबुप्रोफेनच्या गटातील गोळी पोटात काही असताना घ्यावी. पॅरासिटामॉल प्रौढाने दिवसात 4 ग्रॅमपेक्षा, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपेक्षा, अधिक कधीही घेऊ नये. वजन कमी असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास मर्यादा याहून कमी असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे विसरू नये. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये. त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

घसा कोरडा पडला की दुखणे वाढते, म्हणून घोट घोट पाणी सतत प्यावे. पेज, मऊ भात, गार दूध, मुगाचे पातळ वरण चालते. फरसाण, कडक भाकरी, लिंबू, तिखट आणि गरम पदार्थ टाळावेत. मधाने वेदनेला थोडा उतार पडतो, असे वरील शिफारशींतही नमूद आहे. मधुमेहींनी मात्र आधी विचारावे.

हे मात्र घरी सांभाळू नका

पाचव्या ते दहाव्या दिवसांत रक्तस्रावाचा धोका असतो. थुंकीतून ताजे लाल रक्त आले तर ते थोडे असले तरी डॉक्टरांना कळवावे. थांबत नसेल तर रुग्णाला पुढे वाकवून बसवावे, रक्त गिळू न देता थुंकायला लावावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. पाणीही गिळता येत नसेल, लघवी फार कमी होत असेल किंवा ताप चढत असेल, तरीही डॉक्टरांकडे जावे.

रात्री कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने जायचे, हे शस्त्रक्रियेआधीच ठरवून ठेवावे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वेळी आळंदी रस्त्यावरील वाहतूक वळवलेली असते. विश्रांतवाडी, कळस, दिघी भागातील लोकांनी शस्त्रक्रियेची तारीख घेताना तेवढे पाहून घ्यावे.

थोडक्यात, दुखणे मुळीच होणार नाही, असे औषध नाही. परंतु ते अन्नपाणी तोडण्याइतके वाढू न देणे आपल्या हाती आहे. तारीख ठरवताना भूलतज्ज्ञांना एक प्रश्न जरूर विचारा : "दुखण्याचे औषध केव्हापासून सुरू करायचे आणि किती दिवस घ्यायचे?"